बगळ्यांना हवा होता एक बुटका

टोलेडो हेरन्समध्ये उंच माणसांची टंचाई कधीच नव्हती. टीमचं नाव बगळ्यावरून ठेवलेलं, आणि त्या नावाला जागायचं म्हणून की काय, गेल्या चार ड्राफ्टमध्ये आम्ही चार सेंटर उचलले होते. एक आधीचा होताच. ड्राफ्ट म्हणजे दर जूनमध्ये सगळ्या टीमनी पाळीपाळीनं कॉलेजातले नवे खेळाडू उचलायचा समारंभ. सेंटर म्हणजे बास्केटखाली पाय रोवून उभा राहणारा, सात फुटांच्या आसपासचा गडी. मैदानात एका वेळी असा एक लागतो, फार तर दोन. आमच्याकडे पाच होते, आणि बाकावर बसल्यावर मागच्या तीन रांगांना सामना दिसत नसे.

बॉल आपल्या टोकाकडून समोरच्या टोकाला न्यायला जो चपळ, बुटका माणूस लागतो त्याला गार्ड म्हणतात. बुटका म्हणजे सहा फुटी. आमचा गार्ड पस्तिशी ओलांडलेला होता आणि त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. तो बॉल घेऊन निघाला की प्रेक्षक सॉसेज आणायला उठत आणि रांगेत उभे राहून, पैसे देऊन, मोहरी लावून परत येत. तेव्हाही तो मधल्या रेषेच्या अलीकडेच असे.

मी भौतिकशास्त्र शिकले. नदीकाठच्या कोठारांतून धान्य खाली सोडताना दाणे नेमके कुठे अडतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. उत्तर असं, की ते गळ्यापाशी अडतात. कोठार कितीही मोठं असो, गळा अरुंद असेल तर वर आणखी धान्य ओतून काही होत नाही. हेरन्सनी मला आकडेवारी बघायला नोकरीवर घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला माझं कोठार सापडलं. मधली रेषा हा आमचा गळा होता आणि आम्ही दरवर्षी वरून एक सेंटर ओतत होतो.

हंगाम संपल्यावर टीमची तपासणी मांडायची बैठक झाली. मालक मिस्टर ग्रूबर आले होते. त्यांचा गॅरेजच्या दारांचा कारखाना आहे आणि जगातल्या बहुतेक गोष्टी ते त्या दारांवरून समजून घेतात. जनरल मॅनेजर रँडल ऑस्टरमन त्यांच्या शेजारी बसला होता, आणि कोच पिंकनी खिडकीपाशी, टोपी डोळ्यांवर ओढून.

मी आलेख दाखवले. आमचे इतके हल्ले बास्केटपर्यंत पोचण्याआधीच संपतात, त्यातले बहुतेक मधल्या रेषेच्या आसपास, वगैरे. शेवटी म्हटलं, "आपल्याला गार्ड हवा आहे. आपली पाळी नववी. यंदाच्या पोरांतला सगळ्यात चपळ गार्ड क्विनेल बर्जेस, तो तोपर्यंत शिल्लक असण्याची शक्यता चांगली आहे. तो घ्यावा."

रँडल उठला आणि त्यानं दार लावलं.

"हे अजून कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगायचं? टीव्ही बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे."

"माझ्या सासूला माहीत आहे," टोपीखालून कोच म्हणाला. "आणि ती बाई सामना लागला की टीव्ही बंद करते."

"माहीत असणं वेगळं आणि आपण म्हणणं वेगळं," रँडल म्हणाला. "ओमाहाची पाळी दहावी. आपल्या लगेच मागे. त्यांनाही गार्ड हवाय. आपण बर्जेस घेणार असा नुसता वास आला, तर ते आठव्या नंबरवाल्यांशी सौदा करतील आणि आपल्या पुढे घुसून त्याला उचलतील. म्हणून आपल्याला सेंटर हवाय, असं दिसलं पाहिजे."

"सहावा?" कोचनं विचारलं.

"दिसलं पाहिजे म्हणालो. घ्यायचा कोण म्हणतंय?"

मिस्टर ग्रूबर खूश झाले. "बरोबर. कुठलं दार उघडं आहे ते चोराला कळता कामा नये."

आमच्या लीगमध्ये मे-जूनमध्ये सगळे असंच बोलतात. ज्याला घ्यायचं त्याच्याबद्दल गप्प, ज्याला घ्यायचं नाही त्याचं तोंडभर कौतुक. याला धूर सोडणं म्हणतात. कुणालाच त्यात खोटेपणा वाटत नाही, उलट या दिवसांत खरं बोलणारा माणूस जरा असंस्कृत समजला जातो.

धुरासाठी रँडलनं वेंडल ओपडाल निवडला. नॉर्थ डकोटातल्या एका लहानशा कॉलेजात खेळणारा सेंटर. वर्तमानपत्रवाले ड्राफ्टची भाकितं छापतात, त्यातली सगळ्यात लांब यादी साठ नावांची असते. वेंडल तिच्यात नव्हता. आपण कुठे आहोत हे तज्ज्ञांकडून कळावं, एवढ्यासाठी त्यानं ड्राफ्टला नाव दिलं होतं. ठरलेल्या तारखेच्या आत नाव मागे घेतलं तर कॉलेजात परत खेळता येतं आणि शिष्यवृत्ती टिकते. ती तारीख गेली, आणि कुणी उचललं नाही, तर टीमही नाही आणि कॉलेजही नाही.

माझ्याकडे त्याची स्तुती लिहायचं काम आलं. तो अहवाल चुकून बाहेर फुटणार होता, म्हणजे रँडल तो चुकून फोडणार होता. मी खोटं एक वाक्य लिहिलं नाही. 'सामन्याच्या उत्तरार्धात, टाइमआउटनंतर, स्वतःच्या बास्केटखाली उभा असताना हातातला बॉल निसटू न देण्यात ओपडाल देशात पहिला आहे,' असं लिहिलं. ते खरंच होतं. नमुना अकरा बॉलचा होता, तेही मी तळटीपेत नोंदवलं. तळटीप रँडलनं काढून टाकली.

मग वेंडलला चाचणीसाठी बोलावलं. तो आला तेव्हा मी त्याला घ्यायला खाली गेले, तर तो आमच्या दालनातल्या मोठ्या कुंडीपाशी वाकून मातीत बोट खुपसून उभा होता.

"याला पाणी जास्त होतंय, मॅडम," तो म्हणाला. "मुळं कुजतील."

चाचणी जशी व्हायची तशी झाली. त्याचे हात विलक्षण मोठे होते, दोन बोटांत बॉल उचलायचा. धावायला लागला की मात्र फर्निचर हलवल्यासारखं वाटायचं. कोच पिंकनी एका बाजूला उभा राहून बघत होता.

"पोरगा गुणी आहे," तो मला म्हणाला. "अगदी आपल्या पाच जणांसारखा."

दुपारी त्याला जेवायला न्यायचं काम माझं. जागा रँडलनंच ठरवली होती. माझ्या काकांचं, अम्मो फरीदचं लेबनीज हॉटेल, रस्त्याकडच्या काचेपाशी. समोरच वर्तमानपत्राचं कार्यालय आहे. काकांनी वेंडलला बघून दोन खुर्च्या एकमेकींना जोडल्या आणि किब्बेची, म्हणजे खिम्याच्या तळलेल्या गोळ्यांची, परात आणून ठेवली.

तिसऱ्या किब्ब्यानंतर त्यानं हात पुसले. "मॅडम, एक विचारू?"

"मॅडम नको म्हणूस. चारच वर्षांनी मोठी आहे मी."

"आमच्याकडे गाईलासुद्धा मॅडम म्हणतात." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे, सवयीनं. बरं, लीना. तुम्ही लोक मला घेणार आहात का? माझी मृदाशास्त्राची दोन वर्षं राहिलीत. माझे सर एका शेताच्या क्षारपड जमिनीवर काम करतायत, मला त्यात घेणार आहेत. नाव मागे घ्यायचं तर आता घ्यायला हवं. आणि घरी कुणी सांगू शकत नाही. आई म्हणते, देवाला विचार. कॉलेजचे कोच म्हणतात, एजंटला विचार."

रस्त्यापलीकडच्या खिडकीत एक माणूस कॅमेरा सरसावत होता. इथे गप्प राहायचं, एवढंच मला सांगितलेलं होतं. पण त्यानं सरळ प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं. "घेणार नाहीत. आम्हाला गार्ड हवाय. तू नाव मागे घे आणि घरी जा."

त्यानं हातातला किब्बे खाली ठेवला. "नक्की?"

"नक्की."

"थँक यू. इतकं सरळ इथं कुणी बोललं नव्हतं." तो उठला, दिव्याला डोकं आपटू न देता बाहेर गेला आणि फोन लावून फुटपाथवर येरझारा घालू लागला.

"काय बोललीस त्या पोराला?" काका म्हणाले. "अर्धी परात तशीच आहे. एवढा मोठा माणूस उपाशी उठला तर हॉटेलची बदनामी होते."

तारीख गेली. वेंडलनं नाव मागे घेतलं नाही. मीच त्याला फोन केला.

"लीना! मी तुला सांगणारच होतो," तो म्हणाला. आवाजात आनंद मावत नव्हता. "तू म्हणालीस ते मी सगळं एजंटला सांगितलं. तो नाचायलाच लागला."

"का?"

"तो म्हणाला, जूनच्या तोंडावर कुठलीही टीम 'तू नकोस' हे सांगायला जेवायला नेत नाही. नको असलेल्याला कुणी फोनसुद्धा करत नाही. तू वर चढशील आणि त्यांच्या हातून जाशील याची त्यांना भीती आहे. नको म्हणतायत म्हणजे नक्की हवाय."

"वेंडल, मी खरं सांगितलं होतं."

"हो," तो समजूतदारपणे म्हणाला. "तू असंच म्हणशील, हेही त्यानं सांगितलंय."

विरुद्ध पुरावासुद्धा ज्याचा पुरावाच होतो, अशा सिद्धांताशी वाद कसा घालायचा, हे मला विद्यापीठात कुणी शिकवलं नव्हतं.

मी रँडलकडे गेले. तो खुर्चीतून उठून माझ्याशी हात मिळवायला आला. "त्याच्या एजंटचा फोन होता. मला वाटायचं तू नुसती आकडेवाली आहेस. जेवताना तोंडावर 'नको' म्हणालीस? वीस वर्षांत मला हे सुचलं नाही!"

"त्याचं कॉलेज गेलं, रँडल. आता कुणी उचललं नाही तर त्याच्याकडे काही उरत नाही."

"उचलेल गं कुणीतरी."

"कोण?"

"ज्यांनी आपला अहवाल वाचलाय ते," रँडल म्हणाला. हा विनोद नव्हता.

आणि खरंच नाव चढायला लागलं. काचेपाशी किब्बे खातानाचा फोटो छापून आला. पुढच्या भाकितात वेंडल चाळिसावा होता. कुणीतरी लिहिलं, 'टोलेडोला एवढा रस आहे म्हणजे काहीतरी असणार.' हे वाचून दुसऱ्या दोन टीमनी आपापली माणसं नॉर्थ डकोटाला पाठवली. ती तिथे दिसली, हीच नवी बातमी झाली. तो पंचविसावर आला, मग चौदावर. टीव्हीवर एक माजी खेळाडू म्हणाला, "टाइमआउटनंतर हातात बॉल टिकवणं ही कला आहे, शिकवून येत नाही."

एका सकाळी रँडल सगळे कागद पसरून बसला होता. चेहरा गंभीर.

"लीना, हे बघ. सहा टीम. सहा वेगवेगळ्या टीम म्हणतायत, हा पोरगा खास आहे. आपल्याकडून काही निसटतंय का?"

मी फळ्यावर नावं लिहिली आणि कुणाला कुणाकडून कळलं ते बाण काढून दाखवलं. सगळे बाण मागे मागे जात एका टेबलापाशी आले. अम्मो फरीदचं हॉटेल, काचेपाशी.

"हे आपण बोललो होतो," मी म्हटलं. "तेच फिरून परत आलंय."

रँडलनं एकेका बाणावरून बोट फिरवलं. "ते ठीक आहे. पण एवढ्या लोकांना ते पटलं कसं? आपण उगीच कुणाचंही नाव घेतलं असतं तर पटलं असतं?"

"हो."

"मी त्यालाच का निवडला? साठ जणांत नसलेला तोच का? माझ्या आत कुठेतरी..." त्यानं छातीवर हात ठेवला. "नजर असते माणसाची."

कोच पिंकनी दारात उभा होता. "रँडल, तुझ्या नजरेत याआधी चार सेंटर भरलेत. बाकावर त्यांच्या बुडाखाली ठेवायच्या उशांचाही खर्च निघेना झालाय. मला बॉल पुढे आणणारा दे रे बाबा. बुटका दे, लंगडा दे, पण पुढे आणणारा दे."

ड्राफ्टच्या संध्याकाळी आम्ही बैठकीच्या खोलीत जमलो. बाहेर अजून ऊन होतं, मॉमी नदी चकाकत होती. समोर पडद्यावर दूरच्या शहरातला समारंभ दिसत होता. तिथल्या पाहुण्यांच्या टेबलांपैकी एकापाशी वेंडल बसला होता, बाह्या तोकड्या पडलेल्या सुटात, शेजारी आई. आदल्या दिवशीच्या भाकितात तो नववा होता, म्हणून त्याला तिथे बोलावलं होतं. त्या टेबलांपाशी बसून कुणी उचललं नाही, तर ते सगळा देश बघतो.

आठवा नंबर झाला. बर्जेस शिल्लक होता. वेंडलही.

मला जे हवं होतं ते नेमकं काय, हे मला ठरवता येईना. टीमनं शहाणपणा केला तर पडद्यावरचा तो मुलगा संपत होता. तो वाचायचा तर टीमनं मूर्खपणा करायला हवा होता.

तेवढ्यात ओमाहाचा फोन आला. रँडलनं तो टेबलावर सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"रँडल, तुझा नववा नंबर आम्हाला दे, बदल्यात काय हवं ते माग," पलीकडचा म्हणाला. "आम्हाला ओपडाल हवाय."

रँडलचा चेहरा पांढरा पडला. त्यानं बोटानं फोन झाकला. बंद नाही केला, नुसता झाकला. "बघितलंस?" तो कुजबुजला. "यांनाही! मी शोधून काढलेला माणूस ओमाहाला जाऊन मोठा झाला तर मला या गावात तोंड दाखवायला जागा राहील?"

"ते धूर सोडतायत," मी म्हटलं. "त्यांना गार्ड हवाय. तुम्हीच सांगितलं होतंत."

"लीना, एका शब्दात सांग. कोण?"

मी पडद्याकडे बघितलं नाही. आलेख बदललेले नव्हते. गळा तिथेच होता.

"बर्जेस," मी स्पष्ट म्हटलं.

फोनच्या पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. रँडलनं माझ्याकडे बघितलं आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं. त्यानं फोन खरोखर बंद केला.

"फोन चालू असताना म्हणालीस! त्यांना ऐकू जावं म्हणून! काय डोकं आहे पोरीला!"

"नाही, रँडल, मी—"

"पुरे, पुरे. कळलं मला." आणि त्यानं समारंभाच्या जागी बसलेल्या आमच्या माणसाला नाव कळवलं.

पडद्यावर वेंडल ओपडालचं नाव पुकारलं गेलं. त्याच्या आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो उठला, आणि कॅमेऱ्याला मागे सरकावं लागलं. आमच्या खोलीत कोच पिंकनीनं टोपी काढून चेहऱ्यावर ठेवली आणि तो खुर्चीत मागे रेलला. ओमाहानं लगेच बर्जेसला उचललं. त्यांच्या खोलीतला जल्लोष पडद्यावर दाखवत होते. एवढ्या लवकर ते जल्लोष करतील असं वाटलं नव्हतं, पण त्यांना तयारीला भरपूर वेळ मिळाला होता.

पत्रकार परिषदेत कुणीतरी वेंडलला विचारलं, टोलेडो तुला घेणार हे कधी कळलं?

"मला तर त्यांनी सांगितलं होतं की घेणार नाही," तो म्हणाला. तो विचारल्याचं उत्तर देतो. "लीनानं सांगितलं. आम्हाला गार्ड हवाय म्हणाली."

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच सूर होता. टोलेडोनं काय चकवलं! खेळाडूलासुद्धा पत्ता लागू दिला नाही! मिस्टर ग्रूबरनी रँडलचा करार वाढवला. "मलाही शेवटपर्यंत वाटत होतं आपण गार्ड घेणार," ते अभिमानानं म्हणाले.

मला बढती मिळाली. आता दुसऱ्या टीमचे लोक चौकशीला फोन करतात ते माझ्याकडे वळवले जातात. काम सोपं आहे. कुणी विचारलं, 'तुमच्या टीमला काय हवंय?' की मी सांगते, 'गार्ड.' पलीकडचा माणूस मनापासून हसतो आणि फोन ठेवतो.

शरद ऋतूत सराव सुरू झाला. आमच्या गार्डनं निवृत्ती घेतली होती. कोच पिंकनीनं सहा सेंटर मैदानात अंतराअंतरानं उभे केले आणि बॉल डोक्यावरून हातोहात पुढे द्यायला लावला, बंदरात पोती उतरवतात तसा. उड्या मारूनही कुणाचा हात तिथे पोचत नव्हता, हे मान्य करायला हवं. शेवटच्या टोकाला वेंडल होता. त्याच्या हातून बॉल एकदाही निसटला नाही. फक्त तो मिळाल्यावर काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

सराव संपल्यावर तो दालनात कुंडीपाशी भेटला. झाडाला नवी पानं आली होती. पाणी कमी करायला त्यानं सफाईवाल्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं होतं.

"लीना, खरं सांग. मी इथे किती टिकेन?"

"दोन वर्षं," मी म्हटलं. "करारात तेवढीच पक्की आहेत. त्यानंतर तुला कुणी घेईल असं मला वाटत नाही. सहावा सेंटर कुणाला लागत नाही."

त्यानं खिशातून फोन काढला. एजंटचं नाव पडद्यावर आणलं आणि त्याकडे बघत उभा राहिला. मी थांबले. या वेळी समजवायचं नाही, असं ठरवलं होतं.

मग त्यानं फोन परत खिशात टाकला आणि कुंडीतली चिमूटभर माती बोटांत चुरडली.

"इथल्या विद्यापीठात मृदाशास्त्र आहे?"

"नसावं. पण पर्यावरणशास्त्र आहे, नदीच्या गाळाचं काम चालतं. वर्ग सकाळी असतात, सराव दुपारी."

"दोन वर्षं," तो स्वतःशीच म्हणाला. "पुरतील. पहिला विषय कुठला घेऊ?"